चौघांचंही गाणं हवं

क्वीन या बँडची सर्वांत चांगली गाणी निवडायची, तर आमच्या घरात एक अट होती. ती थोरल्या मामांनी घातलेली. यादी पाचाची असो वा दहाची, चौघांचंही निदान एकेक गाणं तिच्यात आलंच पाहिजे. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन. फ्रेडी पुढे उभा राहून गातो, म्हणून सगळी गाणी त्यानेच रचली असतील असं नव्या माणसाला वाटतं. मामा त्याला तिथेच थांबवायचे. ‘वी विल रॉक यू’ ब्रायनचं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ जॉनचं, ‘रेडिओ गा गा’ रॉजरचं. चौघांनीही स्वतः लिहिलेली गाणी इंग्लंडात पहिल्या दहांत पोचली, असा दुसरा बँड दाखवा, म्हणायचे. मला तरी अजून सापडलेला नाही.

मामांचं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान वाईला मधल्या आळीत होतं. वाईकरांच्या बोलण्यात पाचगणी म्हणजे ‘वर’. वरच्या बोर्डिंग शाळांचे माइक, कर्णे, प्रार्थनेच्या हॉलमधले अ‍ॅम्प्लिफायर पावसाळ्यात धुकं खाऊन बिघडायचे आणि दुरुस्तीला खाली यायचे. अशाच एका शाळेतल्या संगीतशिक्षकाने मामांना मजुरीबरोबर एक कॅसेट दिली, क्वीनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची. हा संग्रह १९८१ साली निघाला आणि इंग्लंडात आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच आहे. देताना ते शिक्षक म्हणाले, ‘‘यातला गाणारा आपल्या पाचगणीत शिकलाय.’’ मामांना ते खरं वाटलं नाही. पण कॅसेट त्यांनी लावली, आणि त्या दिवसापासून दुकानात दुपारच्या वेळी क्वीन वाजू लागलं. मी शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचो. त्यामुळे ही गाणी माझ्या कानांवर पडली ती सोल्डरच्या धुरात, अर्धे उघडे फिलिप्स आणि मर्फी समोर असताना.

शिक्षक म्हणाले ते खरंच होतं. फारुख बलसारा हा पारशी मुलगा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला जन्मला. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. घराणं मूळचं गुजरातेतल्या बलसाडचं, आडनाव त्यावरूनच पडलेलं. १९५५ साली, आठ वर्षांचा असताना, त्याला समुद्र ओलांडून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. तिथल्या सवंगड्यांनी त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात केली. तिथेच तो रीतसर पियानो शिकला, टेबल टेनिस खेळला, मुष्टियुद्धात उतरला, आणि चार मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. एल्विस, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही पोरं शाळेच्या समारंभांत वाजवत. फ्रेडी त्यात पियानोवर होता, मुख्य गायक दुसराच मुलगा. पुढे ज्याच्या आवाजाने वेम्बली हलवलं, तो सुरुवातीला मागे बसून साथ करत होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गाण्याची बांधणी आतून कशी असते, हे साथीला बसणाऱ्याला आधी कळतं.

आमचे आप्पा, म्हणजे आईचे वडील, त्याच वर्षांत वाई–पाचगणी–महाबळेश्वर मार्गावर एसटीत कंडक्टर होते. पसरणीचा घाट तेव्हा अरुंद, गाड्यांची इंजिनं तापायची. एका वळणावर गाडी उभी करून पाणी घालावं लागे. आप्पा सांगत, त्या घाटातून दोनच प्रकारची परगावची माणसं वर जायची. एक, फुप्फुसाचे रोगी. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचं बेल एअर सॅनेटोरियम वर होतं, कोरडी थंड हवा हाच क्षयावरचा मोठा उपाय होता, आणि खोकणारी माणसं तोंडाला रुमाल लावून मागच्या बाकांवर बसायची. दुसरी, बोर्डिंगची पोरं. शाळा उघडायच्या दिवसांत टपावर लोखंडी ट्रंकांची रास पडे. पांढऱ्या रंगात त्यांवर नावं लिहिलेली असत, आणि नावांखाली गावं: नैरोबी, एडन, झांझिबार, कराची. आप्पांनी ती गावं नकाशात पाहिली नव्हती, ट्रंकांवरच पाहिली. ‘‘पोरं घाट चढेपर्यंत दंगा करायची,’’ ते म्हणत, ‘‘आणि शाळेचं फाटक आलं की सगळी गप्प.’’

१९९१च्या नोव्हेंबरात फ्रेडी गेला, तेव्हा मामांनी आप्पांना विचारलं, त्यातला हा कुठला तुम्हाला आठवतो का. आप्पांनी वर्तमानपत्रातला फोटो बराच वेळ पाहिला. ‘‘दीडशे पोरं असायची,’’ ते म्हणाले, ‘‘चेहरे कुणाचे ध्यानात राहणार? तिकिटं फाडली एवढं खरं.’’ आठवत असल्याचं सांगून त्यांना सहज भाव खाता आला असता. त्यांनी तसं केलं नाही, म्हणून त्यांच्या बाकीच्या गोष्टींवर माझा विश्वास आहे.

आप्पांना क्वीनचं एकच गाणं आवडायचं, आणि ते फ्रेडीचं नव्हतं. ब्रायन मेचं ‘थर्टी-नाइन’, १९७५च्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या अल्बममधलं. चाल लोकगीतासारखी, गिटारी साध्या, गातोही ब्रायन स्वतः. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांना गोष्ट सांगितली होती: काही लोक नवी भूमी शोधायला जहाजाने निघतात, त्यांच्या हिशेबाने वर्षभराने परततात, आणि पाहतात तर घरी शंभर वर्षं उलटून गेलेली. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करणाऱ्याचा काळ सावकाश चालतो, हे आइन्स्टाइनचं गणित त्यामागे आहे. ब्रायन हा खगोलभौतिकीचा विद्यार्थी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सूर्याभोवतीच्या धुळीवर त्याचं संशोधन चाललं होतं. बँडसाठी ते त्याने अर्ध्यावर सोडलं आणि २००७ साली परत जाऊन पीएचडी पुरी केली. हे सगळं ऐकून आप्पा म्हणाले, ‘‘ही तर रेवतीची गोष्ट.’’ भागवतातला राजा ककुद्मी लेकीला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तिच्यासाठी वर कोण पाहावा हे ब्रह्मदेवाला विचारायला. तिथे गाणं चाललेलं असतं, म्हणून क्षणभर थांबतो. विचारतो तेव्हा ब्रह्मदेव हसतो: तुझ्या मनातली सगळी मुलं, त्यांची नातवंडं, पणतवंडंसुद्धा केव्हाच काळाच्या उदरात गेली. मग रेवती बलरामाला दिली जाते. आप्पांनी ही कथा घाटात रेडिएटर थंड होण्याची वाट पाहताना प्रवाशांना अनेकदा सांगितली असावी, इतकी ती त्यांच्या तोंडात बसली होती.

मी ‘थर्टी-नाइन’ चौथ्या क्रमांकावर ठेवतो, आणि आप्पांचं मन राखायला म्हणून मुळीच नाही. क्वीनच्या गाण्यांत थाटमाट पुष्कळ. हे एक गाणं थाटाशिवाय उभं राहतं, आणि घर सोडून गेलेल्या माणसाला परत यायला घर उरत नाही हे दुःख त्यात एकही स्वर चढा न लावता येतं. फ्रेडी १९६३ साली झांझिबारला घरी परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला सगळं सोडून इंग्लंडला, लंडनजवळच्या फेल्टमला यावं लागलं. गाणं त्याने लिहिलेलं नाही. तरी त्यातल्या मागच्या साथीत त्याचा आवाज ऐकू येतो तेव्हा मला ही तारीख आठवतेच.

मामांचा लाडका मात्र जॉन डीकन. चौघांत सर्वांत अबोल, मुलाखती टाळणारा, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. मामांच्या पंथातला माणूस. जॉनने कचऱ्यात टाकलेला एक छोटा सर्किट बोर्ड उचलून आणला, तो बोर्ड एका पोर्टेबल रेडिओचा होता, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा. त्याने तो एका पुस्तकांच्या शेल्फवर मावेल अशा स्पीकरच्या खोक्यात बसवला, बॅटरी जोडली. ब्रायनने त्यातून आपली गिटार वाजवली आणि त्या खोक्यातून व्हायोलिनं, सनया, पितळी वाद्यं निघाल्यासारखा आवाज आला. ‘गुड कंपनी’ या गाण्यातला जुना जॅझ बँड ऐका. तिथे बँड नाहीच, ब्रायनची गिटार आणि जॉनचं ते खोकं आहे. त्या खोक्याला ‘डीकी अ‍ॅम्प’ म्हणतात. आणि गिटार तरी कुठली? ब्रायनने सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर घरीच बनवायला घेतलेली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. दोन वर्षं ती बनत होती, आणि तीच तो आयुष्यभर वाजवत आला. प्लेक्ट्रमऐवजी हातात सहा पेन्सचं नाणं.

मामांनी हे कुठल्या तरी इंग्रजी मासिकात वाचलं तेव्हा दोन दिवस ते दुसरं काही बोलत नव्हते. भंगारातून आवाज काढणं हे त्यांचं रोजचं काम होतं. तेच काम जगातल्या एवढ्या मोठ्या बँडच्या पोटात चाललेलं आहे, हे कळल्यावर त्यांची पाठ ताठ झाली.

जॉनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ म्हणून तिसऱ्या क्रमांकावर. १९८० साली हे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. बास गिटारचा एक तुकडा, त्याच्याखाली कोरडे ड्रम, आणि मध्ये मोकळी जागा. क्वीनसारख्या थरावर थर चढवणाऱ्या बँडने इतकं कमी वाजवावं, यासाठी मोठं धैर्य लागतं. ‘‘यात न वाजवलेलं मोजा,’’ मामा म्हणत. अ‍ॅम्प्लिफायर तपासायलाही ते हेच लावायचे. त्यात खरखर लपायला जागाच नाही.

रॉजर टेलरच्या वाट्याला पाचवा क्रमांक येतो, ‘रेडिओ गा गा’. इथे माझं आणि मामांचं भांडण नाही. १९८४ सालचं गाणं. पडदा आला, आता रेडिओ मागे पडेल, आणि ज्याने आपल्याला अंधारात बसून सगळं ऐकवलं त्याला आपण विसरणार का, हा त्याचा विषय. आमच्याकडे १९८२च्या एशियाडनंतर टीव्ही वाढू लागला, छोटी प्रक्षेपण केंद्रं आली, आणि मामांच्या दुकानातले दुरुस्तीचे रेडिओ वर्षागणिक कमी झाले. रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन दरवर्षी नवा करून घेणाऱ्या पिढीतले ते. या गाण्याच्या वेळी ते हातातलं काम बाजूला ठेवत. पुढे १३ जुलै १९८५च्या ‘लाइव्ह एड’ या मैफिलीचं चित्रीकरण पाहिलं: वेम्बलीत बहात्तर हजार माणसं, दिवसाउजेडी, आणि रेडिओवरच्या गाण्याला सगळ्यांचे हात एकाच क्षणी डोक्यावर जाऊन टाळी देतात. क्वीनला त्या दिवशी वीस-एकवीस मिनिटंच मिळाली होती. तेवढ्यात त्यांनी दिवस जिंकला, हे आता सगळेच मानतात.

काय काय सुटलं, तेही सांगायला हवं. ‘वी आर द चँपियन्स’ आता मैदानांच्या मालकीचं झालंय. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ नाजूक आहे, पण ते खरं फुललं रेकॉर्डबाहेर. मार्च १९८१ मध्ये साओ पाउलोच्या मोरुंबी मैदानात दोन रात्रींत मिळून अडीच लाखांच्या आसपास लोक होते, आणि तिथे हे गाणं श्रोतेच गातात, फ्रेडी ऐकत उभा राहतो. ‘द शो मस्ट गो ऑन’ बाहेर ठेवताना मला त्रास झाला. १९९०-९१ मध्ये फ्रेडी इतका खंगला होता की चालणं अवघड. ब्रायनला शंका होती की एवढा चढा स्वर त्याला झेपेल का. त्याने तो लावला, आणि लावताना आवाजात आजार कुठेही येऊ दिला नाही. एड्स झाल्याचं त्याने जाहीर केलं २३ नोव्हेंबर १९९१ला. दुसऱ्या दिवशी तो गेला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. आप्पांच्या गाडीतून ज्या बेल एअरला क्षयरोगी जायचे, तिथे पुढच्या काळात एचआयव्हीबाधितांची शुश्रूषा होऊ लागली. आप्पांच्या पुढच्या पिढीतले कंडक्टर त्या रोग्यांना घेऊन तोच घाट चढले, आणि त्यांना शेजारी बसवून घ्यायला लोक तसेच कचरत होते.

आता उरले पहिले दोन. इथे घरात कधीच एकमत झालं नाही.

मामांचं म्हणणं, ‘बोहेमियन रॅप्सडी’ला दुसरा क्रमांक देणाऱ्याने रेकॉर्डिंग कधी केलेलं नसावं. १९७५ सालचं गाणं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. एवढं लांब रेडिओवर कोण लावणार, असं कंपनीतल्या लोकांना वाटत होतं. ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ध्रुवपद नाहीच. आधी पियानोवरचं विलापासारखं गाणं, मग ऑपेरा, मग घणाघाती रॉक, मग पुन्हा शांत. ऑपेराचा भाग मामा हातात टेपची पट्टी धरून समजावत. चोवीस ट्रॅकच्या टेपवर फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर एक ओळ गायचे, मग तीच दुसऱ्या सुरात, मग तिसऱ्या. ट्रॅक संपले की बरेच ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि रिकाम्या जागेत पुन्हा गायचं. असं करता करता टेप मशिनमधून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लोहकणांचा थर झिजला आणि उजेडात धरली तर आरपार दिसू लागलं. ‘‘तिघांनी गळ्याने टेप झिजवली,’’ मामा म्हणत. प्रत्येक उतरवणीला थोडी सूंऽ वाढते, थोडा वरचा स्वर मरतो. एवढ्या उतरवण्यांनंतरही ते आवाज असे लखलखीत राहिले, याचं त्यांना अखेरपर्यंत अप्रूप होतं.

मावशीचं मत वेगळं. ती साताऱ्याला शाळेत संगीत शिकवायची आणि संध्याकाळी बायकांचं भजनी मंडळ चालवायची. पाश्चात्त्य गाणं तिने मामांच्या दुकानात, भाऊबीजेला आली की, तेवढंच ऐकलेलं. तिचा कौल ‘समबडी टू लव्ह’ला. १९७६चं, फ्रेडीने अरीथा फ्रँकलिनच्या गायकीने भारावून लिहिलेलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधलं जे समूहगान, त्याची रीत त्याने घेतली. एकजण देवाला जाब विचारतो, बाकीचे त्याला साथ देतात, उलट प्रश्न करतात, पाठीशी उभे राहतात. ऐकताना शंभर माणसं गाताहेत असं वाटतं. गाणारे तिघेच, पुन्हा तेच फ्रेडी, ब्रायन, रॉजर. मावशी बोटांनी मांडीवर सहा मात्रा मोजायची आणि म्हणायची, ‘‘दादऱ्याचा डोल आहे याला. बुवा पुढे, टाळकरी मागे. पंथ वेगळा, पण मागणं तेच.’’

मी बरीच वर्षं मामांच्या बाजूने होतो. मत फिरलं ते दोन्ही गाण्यांची मैफिलींतली चित्रणं पाहून. रॅप्सडीतला ऑपेरा मंचावर गाता येण्यासारखा नव्हताच. त्या जागी चौघे आत जात, टेप वाजे, आणि रॉक सुरू होताना ते पुन्हा बाहेर येत. ती स्टुडिओची निर्मिती आहे, आणि थोर आहे. पण ‘समबडी टू लव्ह’ ते मंचावर गायले, कुठल्याही टेपशिवाय, तिघांच्या तीन गळ्यांनी. शंभरांचे तीन झाल्यावर गाणं लहान व्हायला हवं होतं. ते उलट अधिक उघडं, अधिक आर्त होतं. मध्ये एका जागी सगळं थांबतं, खालच्या स्वरात एकच ओळ सुरू होते, तीच ती ओळ, आणि प्रत्येक फेरीला तिच्यात आणखी बळ येत जातं. तिथे फ्रेडीचा आवाज विनवणीवरून हट्टावर येतो. पाचगणीत आठव्या वर्षी आलेल्या मुलाशी मी हे जोडू पाहत नाही. त्याने स्वतः गाण्यांचे अर्थ सांगायचं कायम टाळलं. माझा कौल त्या गळ्याला आणि त्या बांधणीला आहे. पहिलं ‘समबडी टू लव्ह’, दुसरी रॅप्सडी.

मावशीने एकदा ते आपल्या मंडळाला शिकवायचं ठरवलं होतं. शब्द नकोत, नुसते आकारात सूर. पेटीवर तिने तीन पट्ट्या एकदम दाबून दाखवल्या आणि तिघींना तीन सुरांवर उभं केलं. आमच्या कानांना एकाच सुरावर सगळ्यांनी मिळून गायची सवय. पहिली थोड्या वेळाने दुसरीच्या सुरावर सरकायची, दुसरी तिसरीच्या. खालचा आणि मधला कसाबसा जमला. वरचा मात्र टिकेना, सगळ्यांत तरुण गळ्यालाही नाही. मामा तेव्हा तिथेच होते. त्यांनी सांगितलं की क्वीनमध्ये तो वरचा सूर रॉजरचा असतो, आणि मैफिलीत तो ड्रम वाजवता वाजवता लावतो.

मावशीने भाता सोडला. ‘‘बसून? दोन्ही हात, दोन्ही पाय चालू असताना?’’ तिने विचारलं. मामांनी मान हलवली. ‘‘मग पहिला नंबर त्यालाच द्या की,’’ ती म्हणाली, आणि तिघींना पुन्हा आपापल्या सुरांवर उभं केलं.